डावखुऱ्यांची एक्केचाळिसावी पिढी

माहेरी बाईंना सगळे 'गोगलगायवाली' म्हणत. त्यात कौतुक थोडं आणि थट्टाच जास्त. पण बाईंचं काम खरंच गोगलगायींचं होतं. त्यांच्या अभ्यासातल्या जातीच्या शंखाचा पीळ उजवीकडे जातो. हजारांत एखादीचाच डावीकडे. असं का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. अकरा वर्षांपूर्वी एका तळ्यात त्यांना अशा मूठभर डावखुऱ्या सापडल्या, आणि त्यांच्या संशोधन संस्थेतल्या मागच्या खोलीत, काचेच्या पेट्यांमध्ये, त्यांचा वंश वाढत एक्केचाळिसाव्या पिढीवर आला. आपसातच वाढवल्यामुळे त्या आता जवळजवळ एकसारख्या झाल्या होत्या. म्हणूनच, अंड्याचे दोनाचे चार भाग होताना कल कुठे ठरतो, तो बारीकसा फरक सूक्ष्मदर्शकाखाली आत्ता कुठे दिसायला लागला होता.

आणि नेमकं तेव्हाच सरकारी अनुदान थांबलं.

"बंद नाही हो झालेलं," खात्यातले साहेब फोनवर म्हणाले. "वर्षभराचा खंड आहे फक्त. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

"तसं गोगलगायींना सांगून ठेवते," बाई म्हणाल्या. "वर्षभर खाऊ नका म्हणावं."

साहेब दिलखुलास हसले. बाईंना मात्र हसू आलं नाही.

पहिला फटका बसला मामांना. पेट्या सांभाळणारे मामा कंत्राटावर होते. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून त्यातलं औषध उडू द्यायचं, पाला किती घालायचा, आजारी गोगलगाय कशी ओळखायची, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. दोन महिने ते फुकट येत राहिले. मग एक दिवस दारातच उभे राहून म्हणाले, "ताई, एका गोदामात रखवालदारी मिळतेय. घरचे मागे लागलेत." बाईंनीच त्यांना शिफारसपत्र लिहून दिलं.

मग मागची खोली संस्थेने दुसऱ्या विभागाला दिली. बाईंनी सहा पेट्या गाडीत घालून घरी आणल्या आणि न्हाणीघराच्या कट्ट्यावर मांडल्या. त्यांचे यजमान स्वभावाने गरीब. "आता अंघोळही यांच्या देखत करायची का?" एवढंच म्हणून ते हसले.

पुढच्या अर्जाची सुनावणी दुसऱ्या शहरात होती. जायला-यायला तीन दिवस. लांबलचक टेबलापलीकडे पाच जण बसले होते. मधल्या गृहस्थांनी चष्मा वर सारून विचारलं, "डावा पीळ, उजवा पीळ. ठीक आहे. पण यातून निष्पन्न काय होणार?"

"तुमचं-माझं काळीज डावीकडेच का असतं, याच्या मुळाशीही असलाच प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. "काही मुलांचं जन्मतः भलत्याच बाजूला असतं. कदाचित..."

"कदाचित?" गृहस्थांनी तोच शब्द उचलला. "नक्की काय मिळेल ते सांगा. तीन वर्षांत."

"नक्की ठाऊक असतं तर शोधायला कशाला बसले असते?"

हे बोलायला नको होतं, असं त्यांना बाहेर आल्यावर वाटलं. आणि मग, बोलले ते बरंच झालं, असंही.

त्या घरी पोचल्या तेव्हा यजमान दारातच उभे होते. चेहरा उतरलेला. "पेट्यांतलं पाणी कमी दिसलं गं. म्हटलं, भर घालावी. नळाचंच घातलं."

त्याच आठवड्यात इमारतीची टाकी धुऊन झाली होती आणि पाण्याला औषधाचा उग्र वास येत होता. सगळ्या गोगलगायी तळाशी पडल्या होत्या. बाईंनी एकेक उचलून बघितली. एकही हलली नाही. अंड्यांचे पुंजकेही पांढरे पडले होते.

"मला कसं कळणार होतं?" यजमान म्हणाले.

"तुम्हाला कळायचं कारणच नव्हतं," बाई म्हणाल्या. "ते मामांना कळायचं." आणि मग त्या रडल्या, अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

चार महिन्यांनी अनुदान मंजूर झालं. साहेबांनी स्वतःहून फोन केला. "झालं ना मनासारखं? नवा सूक्ष्मदर्शकसुद्धा घेता येईल."

"बघायचं काय त्यातून? गोगलगायी मेल्या, साहेब."

"अरेरे! मग नव्या आणा. तळं आहे ना अजून?"

तळं होतं. बाई आणि यजमान दुपारभर गुडघाभर पाण्यात वाकून हिंडले. बादल्या भरून गोगलगायी चाळल्या, तेव्हा तीन डावखुऱ्या हाती लागल्या. बाईंच्या निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. वर्षाला चार पिढ्या धरल्या तरी चोविसाव्या पिढीपलीकडे हा नवा वंश जाणार नव्हता. त्यांनी मामांना फोन लावला. मामा हळहळले, पण म्हणाले, "तीन वर्षांनी पुन्हा खंड पडला तर, ताई? इथली नोकरी कायमची आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्याला पत्र लिहिलं. सूक्ष्मदर्शक नको, एवढं अनुदानही नको. थोडंच द्या, पण पंधरा वर्षं न तोडता द्या, आणि पेट्या सांभाळायला एक माणूस कायमचा द्या. मी निवृत्त झाले तरी पुढचा कुणी तिथूनच सुरू करील.

उत्तर आठ दिवसांत आलं. इतक्या लवकर खात्याचं उत्तर कधीच आलं नव्हतं. 'नियमांत अशी तरतूद नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूला दुसरं पत्र लिहायला घेतलं, आणि या वेळी 'कदाचित' हा शब्द त्यांनी पहिल्याच ओळीत घातला.