वाटाणे लाल का झाले

दाराबाहेर.

शंभर-सव्वाशे माणसं आणि एक बाबा. काल शाळेच्या पातेल्यात वाटाणे रक्तासारखे लाल झाले, ही बातमी घरोघर पोचली आहे. आज सगळे कामधंदा सोडून आलेत. बाबा पायरीवर उभा राहून सांगतोय, की अन्नाला वेदना झाल्या म्हणून ते रक्ताचे अश्रू रडलं. कांदा माणसाला रडवतो, हे मला वीस वर्षं स्वयंपाक करून माहीत होतं. वाटाणे स्वतःच रडतात, हे नवीन.

दाराच्या आत.

मी. शाळेची स्वयंपाकीण. ऐंशी मुलांचं सरकारी जेवण रोज मी शिजवते. कालचं पातेलं पुरावा म्हणून माझ्याजवळच ठेवून लोकांनी बाहेरून कडी घातली आहे. वाढायची खिडकी तेवढी उघडी. काल वाढपच झालं नाही. निम्म्या मुलांचं दिवसातलं पोटभर जेवण हे एवढंच.

बाहेर.

बाबाने खिडकीतून ताटभर लाल वाटाणे घेतले. तांब्यातलं तीर्थ ओतलं, ढवळलं. वाटाणे पिवळे झाले. गर्दीने हात जोडले. एक आजोबा तर ताटाच्याच पाया पडले.

"दोष अन्नात नाही, शिजवणाऱ्या हातात आहे," बाबा म्हणाला.

ही बाई जाईपर्यंत रोज तीर्थ लागणार, असंही त्याने सांगितलं. म्हणजे रोज बाबाही लागणार.

आत.

मला कारण माहीत आहे आणि तेच बोलता येत नाही.

भिंतीवर पाटी आहे. नियम चौथा: अन्नात सोडा घालणाऱ्यास कामावरून कमी केले जाईल.

नव्या पोत्यातले वाटाणे जुने, गोट्यांसारखे. आदल्या दिवशी भिजवले तर शिजतील. पण कोठाराची किल्ली मुख्याध्यापकांकडे, वाटाणे हातात पडतात सकाळी, आणि दुपारच्या घंटेला ताटं मांडायची. म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा मी नेहमीच घालते. काल हे वाटाणे शिजेनात, म्हणून मूठभर घातला. मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, सोडाबिडा नाही ना घातला. अशा आवाजात, की 'नाही'शिवाय दुसरं उत्तर त्यांनाही नको होतं. मी तेच दिलं.

बोलले तर नोकरी जाते. गप्प राहिले तर चेटकीण ठरते, आणि नोकरी तरीही जाते.

बाहेर.

माझी लेक चौथीत आहे. गर्दीत अगदी पुढे उभी होती. तीर्थाचे शिंतोडे तिच्या हातावर उडाले, ते तिने चाटून पाहिले.

"आई, हे आंबट लागतंय. यात लिंबू आहे."

एका बाईने तिचा कान धरला. चेटकिणीचीच पोर ती, मागून कुणीतरी म्हणालं.

खिडकीत.

मी ताटलीत पाणी घेतलं, हळद कालवली, डब्यामागे लपवलेली सोड्याची पुडी सगळ्यांसमोर उघडली. सोडा पडताच पाणी लाल झालं.

"वाटाण्यात हळद होती. वाटाणे सकाळी हातात पडतात, भिजवायला वेळ नसतो, म्हणून सोडा मी घातला होता," मी म्हणाले. "हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो. रोज धुणं धुता ना तुम्ही सगळ्या?"

मग कान धरणाऱ्या बाईने कान सोडला. "परवाच माझ्या पोराच्या सदऱ्याला झालं," ती पुटपुटली.

मी बाबाकडे थोडं तीर्थ मागितलं. त्याने तांब्या छातीशी धरला. "द्या की हो, सगळ्यांसाठीच आहे ना," म्हणत त्या बाईनेच तो ओढून घेतला, हुंगला, ताटलीत रिकामा केला. पाणी पुन्हा पिवळं. सोड्याने हळद लाल होते, लिंबाने पुन्हा पिवळी. कुणीतरी हसलं. बाबाला अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

मुख्याध्यापक खिडकीशी आले. "म्हणजे सोडा घातलात. उद्यापासून येऊ नका."

"थांबा सर," तीच बाई म्हणाली. "वाटाणे आदल्या दिवशी का देत नाही?"

ते म्हणाले, कोठार सकाळीच उघडायचं, असा नियम आहे.

"कुणी केला?"

त्यांनी पाटीकडे पाहिलं. पाटीवर ते लिहिलेलं नव्हतं.

माझं काय होणार ते ठरायचंय. भात चुलीवर आहे, मुलं रांगेत आहेत. तुम्हाला एवढंच सांगते: ताटात नवल दिसलं तर हात जोडण्याआधी विचारा, यात काय घातलं? आणि उत्तर मिळालं तरी तिथे थांबू नका. विचारा, का घालावं लागलं?