एकेचाळिसावी ओळ

माझ्या अंगावर दोन झिजलेल्या जागा आहेत. पहिली टोकापासून एकतीस मिलिमीटरवर आहे, दुसरी अडतीसवर. मधले अंतर सात मिलिमीटर. ज्वारीचे दोन दाणे शेजारी ठेवले तर जवळजवळ तेवढेच भरतील. दोन्ही जागांचा चकचकीत मुलामा उडाला आहे आणि आतले करडे लोखंड दिसते. पहिली जागा लताच्या अंगठ्याने झिजवली, दुसरी सुनंदाच्या. दोघी सख्ख्या बहिणी, पण एकीने मला जिथे धरले तिथे दुसरीने कधीच धरले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी क्रोशाची सुई आहे. माझ्या टोकाला एक छोटीशी खाच आहे. तिच्यात दोरा अडकवून मी तो फासातून ओढून घेते आणि नवा फास तयार होतो. आयुष्यभर मी एवढेच काम केले.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवते ते रावेरच्या बाजारपेठेतले कांतीलालशेठचे दुकान आणि त्यातला बटणांशेजारचा पुठ्ठ्याचा डबा. तिथून जीवरामभाऊंनी मला आपल्या थोरल्या मुलीसाठी, लतासाठी घेतले. जीवरामभाऊंचा केळीचा बाग होता. लता तेव्हा बारा वर्षांची होती. तिला विणायला शिकवले शेजारच्या प्रेमकुंवरकाकूंनी, म्हणजे कांतीलालशेठच्या पत्नीने. लताचा हात सैल आणि सुरेख होता. तिने दाराची तोरणे विणली, रेडिओचे झाकण विणले, पाण्याच्या तांब्यावरचा मणी लावलेला रुमाल विणला. घरी आलेली प्रत्येक बाई तो रुमाल उचलून पाही. तेव्हा माझेही कौतुक होई. ते माझे सुखाचे दिवस होते.

लताचे लग्न फैजपूरच्या अभिमनशी झाले. १९६८ सालच्या उन्हाळ्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि येताना मला घेऊन आली. बाळासाठी पांढऱ्या सुताचे दुपटे तिने सुरू केले. एका ओळीत दोनशे खांब. खांब म्हणजे क्रोशातला उभा टाका. एकेचाळीस ओळी झाल्या. श्रावणात एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या तेव्हा शेवटचा फास माझ्यावर तसाच राहिला. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी लता गेली.

मी त्या फासात चार महिने अडकून पडले. पावसाळ्याची दमट हवा होती. झिजलेल्या जागी मला गंज चढला आणि फासाच्या दोऱ्यावर त्याचा तांबूस डाग पडला. बेबाबाई, म्हणजे लताची आई, रोज ती टोपली पुसायची. पण आतल्या कामाला हात लावायची नाही.

तेराव्याच्या दिवशीच अभिमनचे काका सुपडूनाना जीवरामभाऊंच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, बागेत एखादं खोड मेलं त आपन नांगी भरतो का नही?"

मित्रांनो, केळीचे एक झाड मेले की शेतकरी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावतात. त्याला नांगी भरणे म्हणतात.

"भरतो," जीवरामभाऊ म्हणाले.

"मंग घर बी बागच हाये. लेकराले मावशीसारखी माय भेटनार नही. सुनंदाले द्या."

सुनंदा तेव्हा पंधरा वर्षांची होती, दहावीत शिकत होती. बेबाबाई दाराआड उभी होती. ती 'हो' म्हणाली नाही आणि 'नाही'ही म्हणाली नाही. ती म्हणाली, "लताचं दुपटं अर्धं राह्यलं हाये, नाना. तेवढं पुरं होऊ द्या. मंग बोलू." नानांना ते रास्त वाटले. बाळ सव्वा महिन्याचे झाल्यावर फैजपूरला गेले.

मार्गशीर्षात नानांचा पहिला निरोप आला, दुपटे कुठवर आले म्हणून. दुपटे तर सुरूच झाले नव्हते. बेबाबाईने मला टोपलीसकट सुनंदाच्या हाती दिले.

सुनंदाला विणता येत नव्हते. लता मला लेखणीसारखी धरायची. सुनंदाने मला भाजी चिरायच्या सुरीसारखे मुठीत धरले. तिच्या दोऱ्याला दुखेल इतका ताण असे. एक खांब घालायला तिला लताच्या चौपट वेळ लागे. तरी ती चिकाटीची होती. ओठ आवळून, जिभेचे टोक बाहेर काढून ती अठरा ओळी विणत गेली.

एके दिवशी प्रेमकुंवरकाकूंनी दुपटे उचलून उजेडात धरले. "अगं छोरी, हे दुपटं उपास करतंय का काय? दिवसेंदिवस वाळत चाललंय!"

सुनंदा खुदकन हसली. त्या घरात पाच महिन्यांत कोणी हसले नव्हते. काकूंनी तिला खांब मोजायला लावले. दोनशेचे एकशे ब्याऐंशी झाले होते. ओळीचा शेवटचा खांब कडेच्या साखळीमागे लपतो. नवशिक्याला तो दिसत नाही आणि दर ओळीला एक खांब सुटतो.

"आता उसव. अठराच्या अठरा," काकू म्हणाल्या आणि दूध उतू जाते म्हणून घरी पळाल्या.

विणायला महिना लागला होता, उसवायला काही मिनिटे पुरली. दोरा सरसर सुटत होता आणि सुनंदाला त्या सुटण्याची मजा वाटू लागली. ती ओढतच गेली. अठराव्या ओळीनंतर थांबायला हवे होते. मी टोपलीत पडले होते. मला ओरडता येत असते तर मी ओरडले असते. तांबूस डाग असलेला फास सुटला आणि त्याच्यामागून लताच्या हातची एकेचाळिसावी ओळ सुटत गेली.

"काय केलं वं हे!" बेबाबाई चुलीपुढून धावत आली. तिने सुनंदाचे मनगट धरले, पण तोवर त्या ओळीचा एकही खांब उरला नव्हता. "माह्या लताच्या हातचं होतं ते."

सुनंदा रडत म्हणाली, "मी परत विनते, माय. त्याच दोऱ्यानं विनते."

"तू विनशील," बेबाबाई म्हणाली, "पन ते तुह्यं होईन."

पाच-सव्वापाच मीटर दोरा जमिनीवर पडला होता. टाक्याचा दोरा उसवला तरी लगेच सरळ होत नाही. त्यात वळणे राहतात. बेबाबाईने तो न ताणता बोटांभोवती गुंडाळला आणि कुंकवाच्या करंड्यात ठेवला. लताच्या त्या ओळीपुरता खांबांचा आकार त्या वळणांत शिल्लक होता.

त्यानंतर सुनंदा प्रत्येक ओळ मोजू लागली. तिचे गणित चांगले होते. एकही खांब सुटेना. माघात काम भराभर पुढे सरकले आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटू लागली. दर ओळीबरोबर काय जवळ येत होते, ते आम्हा दोघींनाही कळत होते.

एका दुपारी तिने विचारले, "काकू, दुपटं झालं का मले फैजपूरले जावं लागंन ना?"

काकूंनी हातातले काम खाली ठेवले.

"बाळ मले आवडतं. पन मले मॅट्रिकले बसायचं हाये." मग ती म्हणाली, "मी रोज एक खांब सोडत जाऊ का?"

"चुकून सुटलेला खांब दिसतो, छोरी. मुद्दाम सोडलेला त्याहून जास्त दिसतो." काकूंनी तिच्या हाताची पकड सैल केली. "दुपट्यानं काही थांबत नाही. तुझ्या आईनंच बोलायला हवं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला.

माझी विनंती मी इथेच सांगते, कारण शेवटी मला बोलायला जागा राहणार नाही. मित्रांनो, सुई बाजूला ठेवताना तिच्यावर फास ठेवू नका. तिला पुसून कोरड्या कापडात गुंडाळा. दुसऱ्याचे अर्धे काम हाती घ्याल तेव्हा त्याची ओळ कुठे संपते ते आधी नीट पाहा. आणि कोणाच्या हाती असे काम द्याल तेव्हा त्या हाताला एकदा विचारा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस उरले होते. आखाजीला लेकी माहेरी येतात. गल्लीत झोके बांधायची बोलणी चालली होती. सुपडूनाना आणि अभिमन आले, बरोबर आठ महिन्यांचे बाळ. अभिमन भला माणूस होता. तो मान खाली घालून बसला. बाळाने मला पकडायला हात पुढे केला तेव्हा सुनंदाने मला उंच धरले आणि बाळ हसले. दुपट्याचा शेवटचा खांब झाला होता. एक फास माझ्यावर होता. दोरा तोडून गाठ मारायचीच राहिली होती. बेबाबाई तीन दिवस सुनंदाला म्हणत होती, "उद्या मार."

नानांनी दुपटे खाटेवर पसरले. लताच्या चाळीस ओळी साठ सेंटिमीटर रुंद होत्या. तिथून खाली सुनंदाच्या ओळी पन्नास सेंटिमीटर भरत होत्या. खांब तेवढेच, दोनशे. एकही कमी नव्हता. पण सुनंदाचा हात घट्ट होता आणि दुपट्याच्या दोन्ही कडांना मधोमध खांद्यासारखी पायरी पडली होती.

"धुतलं का सरळ होईन," नाना म्हणाले.

"मी दोनदा धुतलं," बेबाबाई म्हणाली. "वल्लं असताना दोघींनी धरून ताणलं बी."

"असू द्या. लेकराले काय कळतं? मंग लग्नाचं बोलू. भाऊ, नांगी येळेवरच भरलेली बरी."

जीवरामभाऊ जमिनीकडे पाहत हळूच बोलले, "नांगीचा घड बाकी बागेच्या मागेच राह्यतो, नाना."

बेबाबाई खाटेशी बसली. जिथे एक हात संपून दुसरा सुरू होत होता, त्या रेघेवरून तिने बोट फिरवले, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग तिने सुनंदाच्या हातातून मला घेतले, शेवटच्या फासातून बाहेर काढले, दोरा तोडला आणि गाठ मारली. दुपट्याची घडी करून तिने ती अभिमनच्या मांडीवर ठेवली आणि बाळाला स्वतःच्या कडेवर घेतले.

"हे पोर माह्यापाशी राहू द्या, मी वाढवते," ती म्हणाली. "नांग्या केळीच्या भरतात, नाना. सुनंदाले मी देनार नही."