पाचवी म्हणजे दार

वाद्यवृंदात सगळे त्याला छापील म्हणत. कागदावर असेल ते तो वाजवी, नसेल ते वाजवत नसे, आणि कागदावर चहाचा डाग पडलेला असेल तर तिथे क्षणभर अडखळे. कीबोर्डवर त्याची बावीस वर्षं अशी गेली होती. लग्नं, वाढदिवस, कंपन्यांच्या पार्ट्या. समोर स्टँड, स्टँडवर कागद, कागदावर कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे तीन-तीन सूर. गाणं आनंदाचं होतं की दुःखाचं, हे त्याला टाळ्यांनंतर गायिकेच्या तोंडाकडे बघून कळायचं.

उन्हाळ्यात कागदाच्या मधोमध धुकं पडलं. डॉक्टर म्हणाले, "मधलं जाईल, कडा राहतील." म्हणजे ज्याच्याकडे बघायचं ते सोडून बाकी सगळं दिसेल. डोळे शाबूत असलेल्या बऱ्याच लोकांमध्ये हा आजार त्याने पाहिला होता, पण त्यांची नोकरी गेली नव्हती. उलट बढती मिळाली होती. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने दुकानातली प्रत्येक काच त्याच्या डोळ्यांसमोर धरून पाहिली आणि शेवटी एक देखणी फ्रेम तेवढी घरी आणली. "दिसत नाही तर निदान दिसा तरी बरे," ती म्हणाली.

मास्तरांना सांगायचं नाही, असं ठरलं. मास्तर म्हणजे वाद्यवृंदाचे मालक, व्हायोलिनवादक आणि शेवटचा शब्द. आधीच्या ड्रमरचं मनगट मोडलं तेव्हा मास्तर फुलं घेऊन त्याला भेटायला गेले होते, आणि परतीच्या वाटेवर नवा ड्रमर ठरवून आले होते.

सांगितलं फक्त खांबाला. खांब बास गिटार वाजवायचा, आणि वाजवताना इतका स्थिर उभा राहायचा की एका पार्टीत कुणीतरी त्याच्या खांद्यावर कोट टांगला होता.

"मग कानाने वाजव," खांब म्हणाला.

"कानाने कसं वाजवतात?"

"बावीस वर्षं माझ्या शेजारी बसतोस आणि हे आज विचारतोयस?"

तरी त्याने शिकवलं. दुपारी तालमीच्या खोलीत कुणी नसताना तो एकेक सूर छेडून सांगायचा, "पहिली कॉर्ड म्हणजे घर. तिथे आलास की चपला काढाव्याशा वाटतात. चौथी म्हणजे गच्ची. हवा खायला गेलास, काळजी नाही. पाचवी म्हणजे दार. परत आलायस, बेल दाबलीयस, पण अजून बाहेरच आहेस."

"आणि सहावी?"

"शेजाऱ्याचं घर. तोच दरवाजा, तोच सोफा. फक्त तिथे कुणीतरी आत्ताच रडून तोंड धुतलंय."

पहिली आणि सहावी त्याला काही केल्या वेगळी ऐकू येईना. तीनपैकी दोन सूर तेच, मग चूक कुणाची? खांबाने उपाय सांगितला: कॉर्डच्या प्रत्येक चालीसाठी एक गाणं धर, झोपेतही ओळखशील असं. मग नवं काही कानावर पडलं की ते कुठल्या गाण्यासारखं चाललंय एवढंच बघायचं.

घरी बसून तो अशी गाणी शोधू लागला, तेव्हा एक नाजूक गोष्ट उघडकीला आली. त्याने हजारो गाणी वाजवली होती. ऐकलेलं एकही नव्हतं.

"असं कसं?" बायको म्हणाली. "काहीतरी येत असेलच की."

विचार करकरून त्याला तीन आठवली: दाराची बेल, समोरच्यांची गाडी मागे घेताना वाजणारी धून, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात फोन केला की 'कृपया प्रतीक्षा करा'च्या मागे वाजतं ते. तिन्ही मध्येच तुटणारी. बेल तर पाचवीवरच थांबायची. पण ती बेलच. दारात नाही थांबणार तर कुठे?

"आणि मी इस्त्री करताना गुणगुणते ते?"

"ते कुठलं?"

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. "अहो, लग्नाआधीपासून तेच गुणगुणतेय मी."

मग तिने ते मोठ्याने गाऊन दाखवलं, जरा रागातच. घर, शेजारी, गच्ची, दार. शेजाऱ्याकडे येताच सूर असा खाली बसायचा, की शर्टाची कॉलर तिथेच दाबली जात असावी. त्या आठवड्यात घरातले सगळे कपडे दोनदा इस्त्री झाले, उशांचे अभ्रेसुद्धा. आणि हळूहळू त्याला शेजाऱ्याचं घर ओळखू येऊ लागलं.

शनिवारी एका हॉटेलच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता. त्या कार्यक्रमाची शेवटची तालीम गुरुवारी. मास्तरांनी सगळ्यांच्या स्टँडवर कागद ठेवले, त्यानेही आपल्या स्टँडवरचं धुकं गंभीरपणे न्याहाळलं. पहिली सगळी गाणी बिनचूक गेली. खांबाने मान हलवली. खांबाच्या मानाने हा नाचच होता. शेवटी आलं ते होडीचं गाणं, जे प्रत्येक पार्टीत कुणीतरी हटकून मागायचं. हे त्याला पाठ होतं. गच्ची, दार, घर. त्याने खांदे सैल सोडले, बायकोला फोनवर काय सांगायचं ते मनात जुळवलं, आणि दिमाखात घरी येऊन बसला.

बाकी सगळे शेजाऱ्याकडे गेले होते.

फार वाईट वाजलं नाही. तीनपैकी दोन सूर तेच. पण तिसरा उघडा पडला, आणि मास्तरांनी गज खाली घेतला.

"शेवट बदललाय. कागदावर आहे." मास्तर त्याच्या स्टँडपाशी आले. "शेवटची ओळ वाच."

तो जुनीच ओळ बोलला. स्पष्ट आवाजात, बोट ठेवून.

गायिका म्हणाली, "मास्तर, लोकांना कळणारसुद्धा नाही."

"लोकांचं सोड, ते जेवत असतात. कधीपासून दिसत नाही?"

"उन्हाळ्यापासून."

"मग आजची बाकीची गाणी?"

"कानाने."

मास्तरांनी थोडा वेळ विचार केला. त्यांच्याबद्दल आशा वाटावी असा तो वेळ होता. "दिसत नाही ते एक वेळ ठीक," ते म्हणाले, "पण हे तू ऐकलंही नाहीस. गाणं ओळखीचं निघालं, की संपलं. मी एकाला शनिवार मोकळा ठेवायला सांगू शकतो. सांगू?"

"एकदा परत वाजवू द्या."

मास्तरांनी त्याचा स्टँड उचलून भिंतीशी ठेवला. "वाजव. शेवटी कुठे जायचं ते मी यांना खुणेने सांगेन." खूण अर्थातच खोलीच्या मधोमध उभं राहून केली जाणार होती.

समोर स्टँड नसल्यामुळे त्याला गुडघ्यांना वारा लागल्यासारखं झालं. गाणं सुरू झालं. तेच गाणं, पण आता ते कुठल्याही वळणावर दगा देईल असं वाटत होतं, म्हणून तो जन्मात पहिल्यांदा ते ऐकत होता. होडीच्या गाण्यात इतकी भीती आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गच्ची. दार. हात उचलून तो दारातच थांबला. एक ठोका रिकामा गेला. मग खांबाचा सूर खाली बसला, कॉलर दाबली गेल्यासारखा, आणि त्याने बोटं ठेवली.

शेजाऱ्याचं घर.

"उशीर झाला," मास्तर म्हणाले.

"ऐकून वाजवलं की होतो उशीर," खांब म्हणाला. बावीस वर्षांत तो मास्तरांना पहिल्यांदाच उलट बोलला होता, त्यामुळे मास्तर बराच वेळ व्हायोलिन पुसत बसले.

"शनिवारी वाजव," शेवटी ते म्हणाले. "खांबाला चिकटून बस. पुढचं शनिवारनंतर बघू." आणि फोन घेऊन बाहेर गेले. कुणाला फोन लावला ते दिसलं नाही. ऐकूही आलं नाही.

संध्याकाळी त्याने घराची बेल दाबली. धून पाचवीपर्यंत आली, थांबली. बायकोने दार उघडून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय झालं? ठेवलं का?"

"पाचवीवर थांबलंय."

"म्हणजे दारात."

"दारात."

ती जरा वेळ तशीच उभी राहिली, एक हात कडीवर ठेवून. मग बाजूला झाली.

"बरं, मग तुम्ही तरी आत या. डास येतायत."