उत्तरेचा वारा आणि अडकलेला कोंबडा

मी एक जुना पत्र्याचा कोंबडा आहे. तुमच्या पुस्तकात मला वातकुक्कुट म्हणतात, पण इथे सगळे कोंबडाच म्हणतात आणि मलाही तेच आवडतं. राष्ट्रीय उद्यानातल्या मोठ्या तळ्याकाठी वनरक्षकांची चौकी आहे, तिच्या छपरावर मी उभा असतो. वारा जिकडून येतो तिकडे चोच करायची, एवढंच माझं काम.

एका कारागिराने मला जुन्या पिंपाच्या पत्र्यातून कापलं. तुरा जरा मोठाच झाला, पण मी तक्रार केली नाही, उलट मिरवला. मित्रांनो, माझा सगळ्यात लाडका काळ म्हणजे पानगळीचा शेवट! झाडं उघडी पडतात आणि मला अख्खं रान दिसू लागतं. पहाटे धक्क्याच्या फळ्यांवर दंव गोठतं, हरणं पाण्यावर येतात, बदकांचे थवे डोक्यावरून निघून जातात. आणि वारा! सकाळी एकीकडचा, दुपारी दुसरीकडचा. मी नुसता गरगर फिरायचो.

पूर्वीचे म्हातारे रक्षक दरवर्षी शिडी लावून, मी ज्या खुंटीवर फिरतो तिला तेल घालायचे. ते निवृत्त झाले आणि शिडी सरपणाच्या ढिगामागे गेली. यंदा ओल धरून खुंटी गंजली आणि मी दक्षिणेकडे तोंड करून घट्ट बसलो. खाली कोणाला पत्ताच नाही! उलट आताच्या रक्षक ताई कौतुकाने म्हणाल्या, "यंदा वारा कसा शहाण्यासारखा वागतोय!" एरवी स्तुती ऐकून मी फुगलो असतो. तेव्हा मात्र मी घाबरलो.

कारण चौकी दाट झाडीच्या आडोशाला आहे, खाली वारा कळत नाही. होडी सोडायची की नाही, हे ताई माझ्याकडे बघूनच ठरवतात. दक्षिणेचा वारा गरीब. उत्तरेचा सुटला की तळं होडी उलटवायला कमी करत नाही.

पर्यटनाच्या हंगामाचा शेवटचा दिवस होता. ताईंचा मोठा भाऊ होडी चालवतो. पलीकडच्या काठावर राहिलेलं एक जोडपं आणि त्यांच्या दोन लहान मुली, यांना आणायला तो गेला होता. वायरलेस खरखरला.

"साहेब, निघू का?" बहिणीला चिडवायला तो साहेबच म्हणतो.

ताईंनी अंगणात येऊन वर पाहिलं. "दक्षिणेचाच आहे रे दादा. ये निवांत."

आणि होडी सुटते न सुटते तोच उत्तरेचा वारा माझ्या शेपटीवर आदळला! डोंगरामागून काळंभोर आभाळ धावत येत होतं. मला कळत होतं, ताईंना नाही. मी जीव तोडून वळायला बघत होतो. कोंबडा असून मला आरवताही येईना! एक झोत आला. मग दुसरा. खुंटी करकरली. तिसऱ्या झोताला गंज फुटला आणि मी असा काही किंचाळत गर्रकन फिरलो, की ताई हातातला चहा टाकून, वायरलेस घेऊन अंगणात धावल्या.

"दादा, मागे फिर! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, आत्ता तर निघालोय..."

"कोंबडा फिरलाय! उत्तरेचा आलाय! मागे घे म्हणते ना!"

साहेबांचा हुकूम त्याने पहिल्यांदाच निमूट ऐकला. होडी पुन्हा पलीकडच्या काठाला टेकली आणि मागे लाटा उसळल्या. पाठोपाठ यंदाचं पहिलं हिम! सगळं रान भुरभुरत्या पांढऱ्यात बुडालं आणि मी आनंदाने खडखड नाचत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तळं निवळलं आणि सगळे सुखरूप आले. दादाने शिडी शोधली, वर चढला, खुंटीला हात लावला आणि बोटांना लागलेला गंज बघितला.

"अगं," तो हळूच म्हणाला, "हा तर कित्येक दिवस अडकलेलाच होता."

खाली ताईंनी शिडी धरली होती. "सगळं तेल ओत," त्या म्हणाल्या. दादाने तेलाची अख्खी बुधली माझ्यावर रिकामी केली.

मित्रांनो, तुमच्याही घरात, दारात, गच्चीवर कुणीतरी माझ्यासारखं गुमान काम करत असेल. ते कुरकुरत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. शिडी लावा, हात लावून बघा. आम्हाला बोलता येत नाही, आणि आमच्या भरवशावर कुणाचा तरी दादा पाण्यात असतो.