दुसरा धूर

दुपार झाली की अमीर मुफर्रिज गच्चीवर यायचा आणि दरीपलीकडच्या बुरुजाकडे बोट दाखवायचा.

"शमसा, बघ. करामानं धूर केलाय."

"हो, दिसतोय," त्याची बायको म्हणायची. तेवढं ऐकलं की तो दोन घास खायचा.

बुरूज रिकामाच असायचा. करामा, त्यांचा थोरला मुलगा, गेल्या हिवाळ्यात तिथंच मारला गेला होता. बैरूतच्या किनाऱ्यावर नजर ठेवायची, या अटीवरच सुलतानानं या घराण्याला गावं दिली होती. भर दुपारी फिरंग्यांची गलबतं दिसताच करामानं इशाऱ्यासाठी रचलेला लाकडांचा ढीग पेटवला. पण अमीरानंच ती लाकडं झाकून कडकडीत वाळवून ठेवली होती. रात्री त्यांचा जाळ दूरवर दिसला असता. भर उन्हात नुसती ज्योत कुणाला दिसणार? दिवसा वर ओला पाला लागतो. धूर झाला नाही, मदत आली नाही.

तेव्हापासून अमीर घराच्या गच्चीवर स्वतः ओल्या फांद्या रचायचा. शेजारी निखाऱ्यांची शेगडी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

त्या दुपारी धाकटा तमीम मिठासाठी खाली किनाऱ्यावर गेला होता, आणि शमसाला समुद्रात शिडं दिसली. शिडांवर क्रूस होते.

"अहो, फिरंगी! पेटवा!"

"करामानं पेटवलंय की," अमीर शांतपणे म्हणाला. ती शेगडीकडे धावली तसा त्यानं तिचा हात धरला. "वेडी झालीस? एक धूर म्हणजे शत्रू, दोन म्हणजे संकट टळलं. दुसरा दिसला तर तमीम तिथंच बसून राहील."

हात सुटेना. शिडं मोठी होत होती.

"पलीकडे धूर नाहीये."

"रोज तर हो म्हणतेस."

"रोज खोटं बोलते."

"एकदाही नव्हता?"

"एकदाही नाही हो."

त्यानं बुरुजाकडे पाहिलं. मग तिचा हात सोडून त्यानं शेगडी ढिगावर उपडी केली. पांढरा, दाट धूर सरळ वर चढला. खाली माणसं डोंगराकडे पळू लागली.

तमीम धापा टाकत वर आला. "आई, मीठ तिथंच राहिलं. आता बसा अळणी खात!"

ती हसली नाही. "तुला किती धूर दिसले?"

"एकच. का गं?"

दरीपलीकडे, बुरुजावरून, दुसरा धूर निघत होता. बारीक, निळसर, वाळक्या लाकडाचा असावा तसा.

"अहो," ती पुटपुटली, "तिकडे बघा ना."

अमीरानं बुरुजाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"हो," तो हळूच म्हणाला, "दिसतोय."

तो सूर तिच्या चांगल्या ओळखीचा होता.