सव्वाबारा भरणारा चौदा इंची लॅपटॉप

मी शिंपी आहे. एकेचाळीस वर्षं गळ्यात टेप आहे, ती फक्त अंघोळीच्या वेळी खुंटीला जाते. माझ्यासमोर माणूस उभा राहिला की मला आधी त्याचे खांदे दिसतात, मग छाती, मग पोट, आणि वेळ उरलाच तर चेहरा. गिऱ्हाइकांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. रस्त्यात ‘छाती चाळीस, पोट शेहेचाळीस’ समोरून आला की मी ओळखीचं हसतो, तोही हसतो, दोघांचं भागतं.

हे सगळं आधीच सांगतोय, कारण लॅपटॉपच्या बाबतीत माझंच चुकलं असं जो तो म्हणतो. असेल. पण इंचाच्या बाबतीत माझं चुकलं असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

झालं असं, की हिच्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. बहीण एकटी राहते, गाडीनं एक अख्खा दिवस लागतो इतक्या लांब. ही म्हणाली, “मी जाते. सहा आठवडे.” मी काजं करत होतो. सुई बोटात गेली. लग्न झाल्यापासून ही मला सोडून सलग चार दिवससुद्धा कुठं राहिलेली नाही. दुकान पुढे, घर मागे, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मी कापतो, पलीकडे ही हातशिलाई करते, आणि दिवसभर आम्ही पडद्यातून एकमेकांशी हुज्जत घालतो. त्या पडद्याशी मी एकटाच काय बोलणार होतो?

“जा की,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? गुडघे तिच्या बहिणीचे होते.

“आणि एक स्वस्तातला लॅपटॉप घेऊ,” ती म्हणाली. “परतीचं तिकीट काढायला, दवाखान्याचे कागद बघायला. आणि रोज संध्याकाळी तुमचं तोंड बघायला.”

“फोन घे की माझ्यासारखा.”

“फोनवर माझं एक बोट तीन अक्षरांवर पडतं. आणि चष्मा लावूनही तुम्ही मला टाचणीच्या डोक्याएवढे दिसाल.”

मग तिनं ब्लाउजच्या जुन्या कागदी कटिंगच्या मागे यादी केली. लॅपटॉप हलका हवा, एका हातात घेऊन गाडीत चढता आलं पाहिजे. बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे. अक्षरं मोठी दिसली पाहिजेत. आणि इतका स्वस्त हवा, की कुणी चोरलाच तर वाईट वाटावं पण जेवण जावं. मला यादी पटली. मी त्यात एकच भर घातली. बॅग मी शिवणार.

इथे मी जरा घाई केली. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, “वहिनींना चौदा इंची पुरे.” मी लगेच कापायला बसलो. चौदा इंच लांबी, दोन्ही बाजूंना शिलाईसाठी माया, आत जाड अस्तर, वर झाकायला ऐसपैस फडकी. जाड राखाडी कापड, तांबड्या दोऱ्याची दुहेरी टीप, आणि पट्टा असा की बैल बांधला तरी तुटू नये. लॅपटॉपचा पत्ता नव्हता आणि त्याची बॅग खुंटीला लटकत होती. ही म्हणाली, “बाजारात तुरी.” मी लक्ष दिलं नाही.

निघायला नऊ दिवस असताना आम्ही पहिल्या दुकानात गेलो. काउंटरवर एक बाई होत्या, खांदा साडेचौदा, उजवा डाव्यापेक्षा किंचित खाली. त्यांनी एक करडा लॅपटॉप पुढं ठेवला. हिनं एका हातानं उचलून पाहिला. बॅटरी आठ तास, बाई म्हणाल्या. अक्षरं मोठी करून दाखवली. हिचा चेहरा खुलला. वीस मिनिटांत काम फत्ते झालं असतं.

मी उगाच, सवयीनं, गळ्यातली टेप काढली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर आडवी धरली. सव्वाबारा.

पुन्हा धरली. सव्वाबारा.

“बाई,” मी म्हणालो, “हा किती इंची म्हणालात?”

“चौदा.”

“मग पावणेदोन इंच कुठे गेले?”

बाई हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. इंचाच्या बाबतीत मी गंमत करत नाही. “आम्ही गिऱ्हाइकाला चौदाची बाही सांगून सव्वाबाराची दिली तर तो आम्हाला मनगट दाखवत गावभर फिरेल,” मी म्हणालो. बाई म्हणाल्या, “काका, ते माप तसं नसतं—” पण मी पुढचं ऐकायला थांबलोच नाही. इंच तसा नसतो? इंच असातसा असायला तो काय जावई आहे? हिला घेऊन मी तडक बाहेर पडलो. ही मागं वळून त्या करड्या लॅपटॉपकडे पाहत होती, तेही मला आवडलं नाही.

दुसऱ्या दुकानात सव्वाबारा. तिसऱ्या दुकानात मालकानं टेप बघितल्या बघितल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. चौथ्या दुकानात मी पंधरा इंची मागितला, म्हटलं चोरी धरून चालू, तो तेरा भरला. पाचव्या ठिकाणी मी आवाज चढवला आणि रांगेतल्या एका गृहस्थांनी मला पाठिंबा दिला. नंतर कळलं, ते पंखा दुरुस्तीला द्यायला आले होते. घरी येऊन मी जेवताना जाहीर केलं, “सगळ्यांनी संगनमत केलंय. एकजात सगळे मापात मारतात.”

हिनं माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.

दिवस उलटत होते. सात राहिले, पाच राहिले. रोज दुपारी दुकान बंद करून मी लॅपटॉप मोजायला जायचो आणि तणतणत परत यायचो. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझी भूक चांगली होती. भांडण असलं की दिवस कसा भरल्यासारखा वाटतो. लॅपटॉप मिळत नाही तोवर ही काही जात नाही, असं काहीतरी मनात कुठंतरी होतं. मी ते उलगडून पाहिलं नाही. अस्तर कुणी उलटून बघत नाही.

दोन दिवस राहिले तेव्हा ही पडद्यापलीकडून शांतपणे म्हणाली, “राहू दे तो लॅपटॉप. मी तशीच जाते.”

“तशीच म्हणजे?”

“म्हणजे तशीच. आहे त्या बटणांच्या फोनवरून आठवड्यातून एकदा बोलू. सहाच तर आठवडे.”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सुंठीवाचून खोकला गेला. मी मात्र हिशेब केला. सहा आठवडे आवाज येणार, तोसुद्धा आठवड्यातून एकदा, आणि चेहरा नाहीच. ज्याला जगात कुणाचाच चेहरा लक्षात राहत नाही, त्या माझ्या लक्षात हा एकच काय तो आहे. मी कात्री खाली ठेवली आणि पडदा बाजूला केला.

“चल,” मी म्हणालो. “बाराचा तर बाराचा. चोर तर चोर. घेऊन टाकू.”

ही टाक्याची गाठ मारून उठली. जणू वाटच बघत होती.

आम्ही पुन्हा पहिल्या दुकानात गेलो. साडेचौदा खांद्याच्या बाईंनी मला पाहिलं आणि टेप दिसताच काउंटरवरची जास्तीची दोन मॉडेलं मागं सरकवली. करडा लॅपटॉप तिथंच होता. या वेळी मी टेपला हात लावला नाही.

तेव्हा हिनं हात लांब करून माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली. एकेचाळीस वर्षांत असं कुणी केलेलं नाही. टेपचं एक टोक तिनं पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर दाबलं आणि दुसरं वरच्या उजव्या कोपऱ्याला नेलं. तिरकं.

“वाचा,” ती म्हणाली.

मी वाकलो. चौदा. बरोब्बर चौदा, एक दोरासुद्धा इकडे-तिकडे नाही.

“उरेब!” मी ओरडलो. पूर्ण दुकान वळून बघायला लागलं. “अहो बाई, हे उरेब माप आहे! कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरकं! आम्ही गळ्याची पट्टी कापतो ती अश्शीच! आधी सांगायचं नाही का?”

“त्या दिवशी तेच सांगत होते काका.”

“सांगत होतात, पण उरेब नाही म्हणालात!”

पुढची पंधरा मिनिटं मी बाईंना उरेब कापड कसं ताणतं, वळणावर कसं बसतं, आणि सरळ पट्टी लावली तर गळा कसा चुण्या पाडतो ते समजावलं. रागबिग कुठल्या कुठं पळाला. ज्यानं हे माप काढलं तो नक्कीच शिंप्याच्या घरातला असणार, असंही मी म्हणालो. ते मात्र कुणालाच पटलं नाही. बाईंनी मान हलवत हलवत खोका बांधला.

बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “तुला कधी कळलं होतं गं?”

“पहिल्याच दिवशी. माझा जन्म उरेब पट्ट्या लावण्यात गेलाय.”

“आणि आठवडाभर मला दुकानोदुकान फिरू दिलंस?”

ती म्हणाली, “तुम्हाला माझ्याशी भांडायचं होतं. ते जमेना, म्हणून दुकानदारांशी भांडत होतात. म्हटलं, भांडू दे. आणि मला तरी कुठं जायची हौस आहे?”

मी खोका या हातातून त्या हातात घेतला.

निघायच्या दिवशी सकाळी आणखी एक भानगड झाली. बॅग मी आडव्या चौदाच्या हिशेबानं शिवलेली, आत गेला लॅपटॉप पडद्याच्या कडा धरून जेमतेम पावणेतेरा भरणारा. तो बॅगेत डब्यातल्या एकुलत्या एक लाडवासारखा गडगडायला लागला. “उसवून पुन्हा शिवतो,” मी म्हणालो. “तासाभरात गाडी आहे,” ही म्हणाली, आणि माझ्यासाठी केलेली सूचनांची यादी भिंतीला टाचली. गॅस बंद करा. झाडाला पाणी घाला. खुर्चीवरचा तो निळा शर्ट धुवायला टाका, दोन दिवस अंगावर होता. मी हाताला लागलं ते मऊ कापड घडी घालून बॅगेच्या तळाशी कोंबलं. लॅपटॉप गप्प बसला. तिला गाडीत बसवलं, गाडी गेली, आणि मी दुकान उघडून पडद्याकडे बघत बसलो. त्या दिवशी एक पँट मी दोनदा उसवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला, तोंड दाखवणारा. मी तो दोन्ही हातांनी समोर धरला. पडद्यावर ही. मागं तिची बहीण खुर्चीत, पाय स्टुलावर, ऑपरेशनला अजून दोन दिवस होते.

“मला नुसती तुमची छाती दिसतेय,” ही म्हणाली. “वरून तिसरं बटण नाहीये. शिंप्याच्या शर्टाला बटण नाही, लोक काय म्हणतील?”

“बटण लावणारे लोक पडद्याआड बसायचे, ते गावाला गेलेत.”

“फोन वर धरा. अजून वर. हां. आता दिसलात.”

मग तिनं बॅग मांडीवर ओढली आणि तळातून ते कापड बाहेर काढलं. निळं.

“हा काय?”

“लॅपटॉप हलू नये म्हणून घातला.”

“धुतलेला नाही हा.”

“राहिलं खरं.”

“दे इकडे ताई,” मागून बहीण म्हणाली, “माझ्या कपड्यांबरोबर टाकून देऊ.”

“नको,” ही पटकन म्हणाली. तिनं शर्टाची घडी नीट केली, बाह्या आत दुमडल्या, आणि परत बॅगेच्या तळाशी ठेवली. “असू दे तसाच. लॅपटॉप हलतो नाहीतर.”

चाळीस वर्षांत जे पडद्यातून कधी बोललो नाही ते मी या एवढ्याशा काचेला सांगून टाकलं. “अगं, मला करमत नाही इथं.”

ती जराशी पुढं वाकली. उभं, आडवं, उरेब, कुठल्याही मापानं बघा, तो पडदा तिच्या चेहऱ्यानं पुरता भरून गेला होता.

“मग बसा असेच समोर,” ती म्हणाली. “बॅटरी आठ तास चालते.”