जहाजावरचा दोर

हार्लिंगेन बंदराच्या धक्क्यावर येल्मरला सगळे एकच विचारायचे, "पोरगी इतकी वर्षं करते तरी काय?"

"स्ट्रिंग थिअरी."

"म्हणजे?"

यावर येल्मर घसा खाकरायचा आणि वाऱ्यापावसाचं बोलायला लागायचा.

आज हिल्केची डॉक्टरेटची जाहीर परीक्षा होती. प्राध्यापकांच्या प्रश्नांआधी घरच्यांना समजेल असं थोडा वेळ बोलायचं, ही तिथल्या विद्यापीठाची रीत. आज नाही कळलं तर लेकीचं काम आपल्याला कधीच कळायचं नाही, या धास्तीनं येल्मर पहिल्या रांगेत ताठ बसला होता. शेजारी धक्क्यावरचा सोबती डाउवे.

"घोरायला लागलास तर कोपर मारीन हं," डाउवे कुजबुजला.

हिल्केनं पिशवीतून बाबांच्या जहाजावरचा दोर काढला.

"अगं, सकाळपासून शोधतोय मी तो!" येल्मर मोठ्यानं म्हणाला. सभागृह हसलं.

"मग ये ना बाबा, धर हे टोक."

तो उठला. दोघांनी दोर ताणला.

"लांबून बघणाऱ्यांना ही नुसती रेघ दिसते," हिल्के म्हणाली. "पण दोरावरची माशी त्याच्याभोवती गोलही फिरते. जगातही अशा गुंडाळलेल्या, आपल्याला न दिसणाऱ्या दिशा असाव्यात." तिनं दोर छेडला. येल्मरच्या तळव्यात थरथर उतरली. "वारा सुटला की बाबांच्या डोलकाठीच्या तारा गुणगुणतात, तार तीच पण सूर निराळे. तसेच अतिसूक्ष्म तंतू सगळ्याच्या मुळाशी असावेत. एका तऱ्हेनं थरथरला तर प्रकाशाचा कण, दुसऱ्या तऱ्हेनं थरथरला तर विजेचा. तंतू तोच."

"कुणी पाहिलेत?" येल्मरच्या तोंडून निघून गेलं.

"कुणीच नाही, बाबा. आपली यंत्रं तिथवर पोचतच नाहीत. कदाचित सगळं चूकही निघेल. पण हिशेब इतका सुरेख जुळतो, की शोधत राहावंसं वाटतं."

येल्मरनं मान हलवली. धुक्यात काठ दिसत नसला तरी जहाज हाकावं लागतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

पुढचे प्राध्यापकांचे प्रश्न त्याच्या डोक्यावरून गेले, पण आता त्याचं काही वाटलं नाही. पोरं शिकली की आईबापांना धक्क्यावर ठेवून निघून जातात. ही त्याला न्यायला परत आली होती.

परीक्षा पार पडल्यावर त्यानं तिला घट्ट धरलं. "बरं केलंस, पोरी," एवढंच त्याला बोलता आलं.

कॉफी आणि साखरेचा पाव घेऊन डाउवे जवळ आला. "येल्मर, मला तर ओ की ठो कळलं नाही बुवा."

येल्मरनं दोर उचलला.

"कप ठेव खाली. धर हे टोक."